चहाच्या जुडीची गाठ

९ एप्रिल १९९६

आणि परत म्हणतो, पुढच्या वर्षी. दगड वेचले त्या वर्षी पुढच्या वर्षी, रोपं लावली त्या वर्षीही पुढच्या वर्षी, आणि आता त्याच रोपांनी बर्फाखाली दुसरा हिवाळा काढला तरी पुढच्या वर्षीच. मी म्हटलं, मालक, तुम्हीच म्हणाला होता, चहा धरायला लागला की वरचा तुकडा निम्मा माझा. तर अपोस्तोलिस दातात काडी फिरवत म्हणाला, "धरू दे ना आधी. गाय व्यायच्या आधी खरवस मागू नये."

मी घमेलं आपटलं. एरवी तो दोन दिवस बोलला नसता. आज काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "ऐक. जुलैचं पीक नीट उतरलं तर पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या जत्रेत, तुझा बाप्तिस्मा करू. मी धर्मपिता होतो. एकदा देवळाच्या वहीत नाव लागलं की जमिनीच्या कागदावर लावता येतं. आत्ता तुझं नाव आहे कुठं?"

खरं आहे ते. सीमा ओलांडून इथं आलो त्या दिवशी मजुरांच्या चौकात माझ्या पुढच्या दोघांनी आपली खरी, तिकडची नावं सांगितली आणि त्यांना कुणी घेतलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी सीमेपलीकडचा खरा, पण समुद्राकाठच्या ग्रीक गावातला, आईबाप मेले, सरकारी आश्रमात वाढलो म्हणून भाषा मोडकी. अपोस्तोलिसनं दंड चाचपला आणि म्हणाला, "चल सोतिरिस." तेव्हापासून सोतिरिस. येतमीर फक्त या वहीत. खतवाल्यानं फुकट दिलेली वही आहे. पाहिजे ते आमच्या भाषेत लिहितो, कुणाला वाचता येत नाही. सातवी झाली, तिकडचं सरकार कोसळलं आणि गावकऱ्यांनी शाळेच्या दारंखिडक्या उपसून नेल्या, तेवढंच माझं शिक्षण.

२८ एप्रिल

खुरपणी. डोंगरी चहाचं रोप वीतभर, पानं मेंढीच्या कानासारखी करडी आणि लवदार. त्याला सावली चालत नाही, शेजार चालत नाही. बोटभर गवत वाढलं की रुसतं. सहा हजार दोनशे रोपं आहेत, मी मोजलीत. प्रत्येकाभोवती हातानं खुरपायचं, मुळाला धक्का न लावता. गुडघ्यांची पार चाळण झाली.

अपोस्तोलिस म्हणतो पाणी घालू नको. त्याला काय कळतं, त्याचा जन्म खाली मैदानात कापसात गेला. परवा तापलेल्या मुरमात रोपं माना टाकून बसली होती, मला बघवलं नाही. तळाच्या दोन ओळींना चार दिवस कळशीनं पाणी घातलं, कुणाला न सांगता.

११ मे

त्या दोन ओळी काळ्या पडल्या. ओढलं की मूळ हातात येतं, कुजकं. अपोस्तोलिसला सांगितलं, घूस लागली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कळशीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "घुशीचे पैसे तुझ्या हिश्शातून."

हिस्सा म्हणाला. म्हणजे आहे त्याच्या मनात.

१९ मे

माझे बूट फाटले. मालकीण वासिलो माळ्यावरून एक जोडी घेऊन आली. आत शाईनं सोतिरिस लिहिलंय. दोन बोटं मोठे आहेत, पण माझ्याच नावाचे निघाले याचं बरं वाटलं.

म्हटलं, काकू, हे कुणाचे? ती म्हणाली, "आधीच्या सोतिरिसचे. त्यानं खालचा तुकडा लावला. गाडीभर जेवायचा मेला. तू बरा, कमी खातोस."

"मग गेला कुठं?"

"जायचा तिथं. पोलिसांनी नेला." आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

चोर असणार. मोठ्या पायाची माणसं भरवशाची नसतात, आजी म्हणायची. चिंध्यांचे बोळे कोंबून घातले, बसतात.

१६ जून

कळ्या धरल्या. देठ वर काढलेत, त्यावर एकावर एक कळ्यांची वर्तुळं. आठ-दहा दिवसांत पिवळी फुलं पूर्ण उमलली की कापणी. चौकातून कापणारे आणायचे. रोज चार हजार द्राख्मा, जेवण आपलं, झोपणं जुन्या मेंढवाड्यात. मजुरी शेवटी एकदम.

एकदम म्हणजे काय ते मला माहीत आहे. दोन वर्षं खालच्या तुकड्यावर पाहिलं. शेवटची जुडी टांगली की कोणीतरी ठाण्यात फोन करतं, जीप येते, बिनकागदाचे कापणारे सीमेपलीकडे आणि मजुरी इथंच. त्या दिवशी अपोस्तोलिस मला नेमका शहरात पाठवतो, सुतळी आणायला. दोन वर्षांची सुतळी पडून आहे.

माझ्या काय बापाचं जातं.

२५ जून

काय लिहू.

दुपारी अपोस्तोलिसची गाडी आली. मागून तिघं उतरले. दोन तरणे, आणि तिसरा बाबा.

आधी मी चाल ओळखली. एक खांदा खाली. मग ती टोपी. तीन वर्षांत इतकं वाळायचं असतं का माणसानं? हातात प्लास्टिकची पिशवी, पायात बुटाच्या जागी रबराचे तुकडे दोरीनं बांधलेले. मला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडलं.

मी आधी बोललो. ग्रीकमध्ये, मालकाच्या आवाजात. "ए म्हातारबा, नाव काय तुझं?"

तोंड तसंच उघडं राहिलं. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, अपोस्तोलिसकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला, "रापो."

"आणि हा सोतिरिस," अपोस्तोलिस म्हणाला. "याचं ऐकायचं."

बाबा म्हणाला, "ऐकू."

२७ जून

बाबा मुद्दाम शेजारची ओळ धरतो. मान वर न करता बोलतो, ओठ हलत नाहीत. सहकारी शेतीच्या काळात डोंगरातून औषधी पाला गोळा करणाऱ्या टोळीचा मुकादम होता तो. वरून साहेब आले की असंच बोलायचे म्हणे.

"सात महिने पत्र नाही. आईला वाटलं मेलास."

"काम होतं."

"मी म्हटलं, मेला असेल तर हाडं घेऊन येतो. आठ दिवस चाललो." विळा चालूच. "पाकिटावरच्या शिक्क्यावरून शहर कळलं. चौकात उभा राहिलो. हा म्हणाला डोंगरी चहा कापता येतो का? मी मनात म्हटलं, माझ्या बापानं दुसरं शिकवलंय काय."

मी म्हटलं, मला इथं आईबाप नाहीत असं सांगून ठेवलंय.

त्यानं मूठभर देठ कापून मागं टाकले. मग म्हणाला, "कशानं मेलो मी?"

"आश्रम म्हटलं की कोणी विचारत नाही."

"बरं केलंस. रोगानं मेलो म्हणाला असतास तर तुझ्या आईनं मनाला लावून घेतलं असतं."

आणि हसला. मला त्याचा इतका राग आला.

३० जून

दोघं तरणे देठ ओढून काढतात. बाबा त्यांच्यावर खेकसला. "दोन पेरं सोडून काप. मूळ हललं तर पुढच्या वर्षी काय तुझं डोकं लावणार इथं?" अपोस्तोलिस बांधावर होता. त्याला भाषा कळली नाही, पण काम कळलं. खाली उतरून बाबाची ओळ पाहिली. एकसारखी, हजामत केल्यासारखी.

बाबानं तळाच्या मेलेल्या ओळी पाहिल्या, माती हुंगली. मला हळूच म्हणाला, "पाणी कोणी घातलं? तूच. या झाडाला उन्हात उपाशी ठेवायचं पोरा, तरच वास धरतं. लाड केले की कुजतं." थोड्या वेळानं म्हणाला, "तुझे आम्ही केले."

४ जुलै

झालं. ज्याला भीत होतो तेच.

जुडी बांधायला इथं सुतळी वापरतात. आमच्या गावात चहाचाच एक लांब देठ घेतात, दोन वेढे, टोक खालून वर आणून पिळायचं. ओढलं की सैल होते, वाळली की घट्ट बसते. फक्त आमच्याच गावात अशी बांधतात. शेजारच्या गावाची गाठ वेगळी. मी तीन वर्षं इथं तशीच बांधतोय. अपोस्तोलिस खूश, सुतळी वाचते. म्हणायचा, समुद्राकाठच्या लोकांचं डोकंच वेगळं.

आज वाळवणीच्या खोपीत वासिलो जुड्या टांगत होती. एक माझी, एक रापोची हातात धरून म्हणाली, "अगं बाई. या तर बहिणी-बहिणी दिसतात."

अपोस्तोलिस दारात होता. जवळ येऊन त्यानं दोन्ही गाठी उकलून पाहिल्या, हळूहळू, काहीतरी वाचल्यासारख्या.

मी म्हटलं, "मीच शिकवली त्याला."

"तू? त्याला?"

"हो. त्याला कुठं काय येतं."

"मग नीट नाही शिकवलीस," अपोस्तोलिस म्हणाला. "त्याची तुझ्यापेक्षा चांगली आहे." आणि बाबाला बोलावलं. "सोतिरिस म्हणतो तू गाठ बरोबर मारत नाहीस. अर्ध्या दिवसाची मजुरी कापायची का, सोतिरिस?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कापा.

बाबा म्हणाला, "बरोबर आहे. म्हातारा झालो."

५ जुलै

दुपारी सगळे सावलीला पडले. बाबा खोपीत. जाऊन पाहिलं तर स्टुलावर चढून आपली एकेक जुडी खाली काढतोय, देठाची गाठ सोडतोय आणि सुतळीनं बांधतोय. तीनशेच्या वर होत्या. बोटांना सुतळीनं चिरा पडलेल्या.

म्हटलं, जेवला नाहीस. तो म्हणाला, "तुझ्या सोडू नको. तुझ्या तुझ्या असू देत. माझ्याच परक्या करतो."

मी दारात पहारा दिला. त्याला मदत केली असती, पण कोणी पाहिलं असतं तर?

९ जुलै

अपोस्तोलिस आता जेवताना बाबाला जवळ बसवतो. त्याला बिया कधी धरायच्या विचारतो, चुनखडीची माती किती घालायची विचारतो. मी मध्ये दुभाषा. जास्तीचं चीज त्याच्या ताटात. तीन वर्षांत माझ्या ताटात चीज दोनदा पडलं, त्यातलं एकदा उंदरानं कुरतडलेलं.

आज म्हणाला, "हा रापो वर्षभर ठेवावा म्हणतो. जाणकार आहे, खातो चिमणीएवढं. काय गं वासिलो, यालाच सोतिरिस करू या का?"

वासिलो म्हणाली, "बूट नाही व्हायचे त्याला." खूप हसले. मीही हसलो. बाबाला कळलं नाही, तोही हसला.

मला बाबाला विचारायचं आहे की तो इथं मला शोधायला आला की माझी जागा घ्यायला. तीन वर्षं दगड मी वेचले. आणि हा माणूस वर येतो आणि दोन आठवड्यांत चीज खातो.

१२ जुलै

बाबाशी बोललो. म्हणजे भांडलो, ओठ न हलवता.

म्हणाला, "मजुरी मिळाली की घरी चल. आईचे पाय सुजलेत, छप्पर पावसाळ्यापुरतं दुरुस्त करू. आपल्या डोंगरावर चहा आपोआप उगवतो. इथं लोकाचा कशाला खुरपतोस?"

मी म्हटलं, पंधरा ऑगस्टला माझा बाप्तिस्मा आहे, मग निम्मा तुकडा माझा.

"देवाचं मला काही नाही. पंचवीस वर्षं सरकार म्हणालं देव नाही, नंतर म्हणालं आहे. असेल. पण तुझ्या आजानं येतमीर ठेवलं तेव्हा एकुलता बोकड कापला होता. आणि हा फुकट देतोय ते नाव दुसऱ्याच्या पायातलं आहे, एवढंही दिसत नाही तुला?"

काहीही बोलतो. बूट दिसायला जुने आहेत म्हणून.

१५ जुलै

उद्या-परवा कापणी संपते. अपोस्तोलिसनं मला चौकातल्या कॉफीखान्यात नेलं, स्वतःच्या पैशानं कॉफी पाजली. पहिल्यांदाच. मग म्हणाला, "यंदा फोन तू कर."

मी म्हटलं, मी सुतळी आणायला जातो ना.

"सुतळी पुरे झाली. निम्मा मालक व्हायचंय ना? मग मालकाची कामं शीक." कप उलटा करून गाळ बघत म्हणाला, "का रे, त्या तिघांत तुझं कोणी आहे का? असेल तर सांग. असेल तर नको करू. मी समजून घेईन."

चांगला माणूस आहे तसा. पण सांगितलं असतं तर तीन वर्षांचं खोटं बाहेर आलं असतं, मग कसला बाप्तिस्मा.

म्हटलं, "माझं कोण असणार? मी अनाथ."

"तेच म्हणतो," तो म्हणाला.

१७ जुलै

बाबाला म्हटलं, आज निघून जा. दुपारीच. वरच्या खिंडीतून.

"पैसे?"

"पाठवीन मी."

"सात महिने पाठवलेस तसे? बावीस दिवस वाकलोय मी. माझे पैसे माझ्या हातात घेऊन जाईन." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "काय आहे? काय होणारे?"

सांगणार होतो. पण त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्या दोघा तरण्यांना सांगितलं असतं, मुकादम ना तो, टोळी सोडून जायचा नाही. तिघं पळाले असते, मग फोन कसला आणि तुकडा कसला. म्हटलं, "काही नाही. तू इथं नको आहेस, एवढंच."

"असं." त्यानं विळा पुसला. "असं सांग की मग."

मी जा म्हटलं होतं. तीनदा म्हटलं. हे इथं लिहून ठेवतो.

१८ जुलै

सकाळी दहाला फोन केला. पलीकडून विचारलं, किती आहेत? म्हटलं तीन. म्हणाले, नाव सांगा तुमचं. म्हटलं सोतिरिस. म्हणाले, कोणता सोतिरिस, अपोस्तोलिसचा का? म्हटलं हो. मला बरं वाटलं की ओळखतात.

जीप साडेअकराला आली. मी खोपीत गेलो, टांगलेल्या चहाच्या मागे. वास इतका भरलेला की श्वास घेता येईना. तरणे पळाले, एकाला बांधावर पकडलं, दुसऱ्याला काठीनं. बाबा पळाला नाही. शेवटची जुडी हातात होती, ती बांधून पूर्ण केली. मग टोपी नीट केली.

पोलिसानं नाव विचारलं. सगळे खोटी नावं देतात, पुढच्या खेपेला उपयोगी पडावं म्हणून. त्यानं मोठ्यानं सांगितलं, "येतमीर."

पोलिसानं परत विचारलं. त्यानं आमच्या खोपीकडे बघत परत तेच सांगितलं, आमचं आडनाव जोडून, गावाचं नाव जोडून. आणि पोलिसानं लिहून घेतलं.

माझंच नाव मिळालं त्याला? जगात दुसरी नावं नव्हती? आता यादीत येतमीर म्हणून नोंद झाली, सीमेवर सोडला म्हणून शिक्का पडला. उद्या मला त्या नावानं कुठं जाता येईल? जाताजाता डाव साधलाच म्हाताऱ्यानं.

जीप वळणापर्यंत दिसते. टोपी दिसत होती.

२१ जुलै

जुड्या मोजून पोत्यात भरल्या. बाबानं शेवटी बांधलेली जुडी सगळ्यात वर होती. सुतळीची नाही, देठाची. दोन वेढे, टोक खालून वर. अपोस्तोलिस तिकडेच येत होता. मी ती उकलली आणि सुतळी लावली. देठ खिशात ठेवला होता, धुण्यात गेला.

अपोस्तोलिसनं दहा हजार दिले. "शिकाऊ मालकाचे," म्हणाला. बाप्तिस्म्यासाठी पांढरा सदरा घेतला, सहा हजारांचा.

१५ ऑगस्ट

जत्रा. गावभर मटण आणि क्लॅरिनेट. मी सदरा घालून देवळाच्या पायरीवर सकाळपासून. अपोस्तोलिस मिरवणुकीतून आला, घामेजलेला, खांद्यावर हात टाकला. म्हणाला, यंदा पाद्र्याला वेळ नाही, लग्नं फार आहेत. आणि तळाच्या ओळी नव्यानं लावायच्यात, त्या घुशीच्या, त्या लागू देत आधी.

"पुढच्या वर्षी," म्हणाला. "आता आपण घरचेच."

मी म्हटलं, चालेल मालक. घरचेच म्हणाला, ते सगळ्यांसमोर म्हणाला. रोप सहा-सात वर्षं जगतं, घाई कसली.

वासिलोनं मटणाचं ताट दिलं आणि माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "बोळे काढून ठेवत जा रे रात्री, बूट आतून कुजतात. पुढं कुणाला तरी लागतील."

१७ ऑगस्ट

आईला पत्र लिहिलं. बाबाला भेटलो असं लिहिलं नाही, ते सांगायचं तर तोच सांगेल. लिहिलं की मी बरा आहे, चहा उत्तम उतरला, छप्पर यंदा तसंच चालवा, पाय उंच ठेवून झोपत जा. खाली नाव काय घालावं ते सुचेना, म्हणून नुसतं तुझा मुलगा लिहिलं. सदऱ्यातून उरले ते सगळे पाकिटात घातलेत. चार हजार द्राख्मा.